मुखवट्यातला तारणहार आणि नाव सांगून लढणारी माणसं

सुपरहिरोच्या सिनेमांचा लोकांना कंटाळा आला आहे, अशी चर्चा गेली काही वर्षं सुरू आहे. आकडेही तसंच सांगतात. २०१९ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ने जगभरात सुमारे २८० कोटी डॉलरचा धंदा केला. चारच वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच मार्व्हलचा ‘द मार्व्हल्स’ सुमारे २० कोटी डॉलरवर अडकला. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनीच जाहीरपणे मान्य केलं की आपण फार सिनेमे आणि मालिका काढल्या आणि त्यात दर्जा सांभाळला गेला नाही. सिनेमावर लिहिणारे आणखी कारणं देतात. गोष्ट तीच तीच, ग्राफिक्स घाईघाईतले, एक सिनेमा कळायला आधीचे दहा पाहावे लागतात.

ही कारणं खरी आहेत. पण आंबेडकरी कार्यकर्त्यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला पाहिजे. सिनेमाचा कंटाळा आला, पण त्यामागच्या कल्पनेचा आला का? एक बलदंड माणूस येईल, कायदा बाजूला सारेल, दुष्टांना ठेचेल आणि आपली सुटका करेल, ही ती कल्पना. आमच्या मते ती जराही थकलेली नाही. ती रील्समध्ये आहे, एन्काउंटरनंतर वाटल्या जाणाऱ्या पेढ्यांत आहे आणि आपल्या चळवळीतही आहे. म्हणून ती आली कुठून, कुणाच्या कामी आली आणि तिची किंमत कुणी मोजली, हा इतिहास आपल्या पोरापोरींना माहीत असायला हवा.

मुखवटा आधी कुणी घातला?

सुपरहिरोची खूण काय? दिवसा साधा प्रतिष्ठित माणूस, रात्री मुखवटा आणि झगा, छातीवर चिन्ह, आणि ‘न्याय’ करण्यासाठी कायद्याची परवानगी नको. हे वर्णन सुपरमॅनच्या कितीतरी आधी अमेरिकेत एका संघटनेला चपखल बसत होतं. तिचं नाव कू क्लक्स क्लॅन.

यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं आणि गुलामगिरी कायद्याने गेली. पुढच्या पाच वर्षांत काळ्या पुरुषांना मताधिकार मिळाला. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे सिनेटमध्ये बसणारे पहिले काळे सदस्य ठरले. नेमक्या याच वर्षांत क्लॅन उभी राहिली. दक्षिणेतले गोरे झगे आणि टोप्या घालून रात्री घोड्यावरून निघत, मतदान करणाऱ्या काळ्यांना, त्यांच्या शिक्षकांना, पुढाऱ्यांना मारत, घरं जाळत. इथे क्रम लक्षात घ्या. गुलामगिरी कायदेशीर होती तेव्हा गोऱ्या मालकाला मुखवट्याची गरज नव्हती, कारण कायदाच त्याच्या हातात होता. कायदा समतेकडे झुकू लागला, तेव्हा ‘कायदा हातात घेणारा’ जन्माला आला.

१८७१ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून ही पहिली क्लॅन मोडली. तिला पुन्हा जिवंत केलं सिनेमाने. १९१५ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. थॉमस डिक्सन यांच्या ‘द क्लॅन्समन’ या १९०५ च्या कादंबरीवर तो बेतलेला होता. त्यात काळा माणूस हा गोऱ्या स्त्रीच्या अब्रूवर टपलेला पशू आहे आणि पांढऱ्या झग्यातले घोडेस्वार शेवटी येऊन सगळ्यांना वाचवतात. सिनेमा थेट व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना दाखवला गेला. त्याच वर्षी अटलांटाजवळ स्टोन माउंटनवर क्लॅनची नव्याने स्थापना झाली आणि पुढच्या दहा वर्षांत तिची सभासदसंख्या लाखोंच्या घरात गेली. जळता क्रूस ही जुन्या क्लॅनची प्रथा नव्हती. ती डिक्सनच्या कादंबरीतून आणि या सिनेमातून आली. पडद्यावरचा नायक रस्त्यावर कसा उतरतो याचं यापेक्षा ठळक उदाहरण नाही.

या मुखवट्यांच्या विरोधात कोण उभं राहिलं? आयडा बी. वेल्स ही गुलामगिरीत जन्मलेली पत्रकार बाई. १८९२ मध्ये मेम्फिस शहरात तिच्या ओळखीच्या तीन काळ्या दुकानदारांना झुंडीने मारलं. गुन्हा एवढाच की त्यांचं दुकान चालत होतं आणि गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटत होतं. वेल्स यांनी लिहायला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या वृत्तपत्राची कचेरी उद्ध्वस्त केली गेली. त्या थांबल्या नाहीत. गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतून त्यांनी झुंडबळींची नावं, तारखा, ठिकाणं आणि आरोप गोळा केले आणि १८९५ मध्ये ‘अ रेड रेकॉर्ड’ छापलं. बलात्काराचा सूड म्हणून झुंड मारते हा दावा किती खोटा आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. झुंडबळीविरोधी केंद्रीय कायदा अमेरिकेत व्हायला मात्र २०२२ साल उजाडावं लागलं.

सुपरमॅन गरिबांचा होता, तरी

आता कुणी म्हणेल, सुपरमॅनला क्लॅनच्या रांगेत बसवणं अन्याय आहे. बरोबर आहे. १९३८ मध्ये सुपरमॅन आणणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर ही गरीब ज्यू स्थलांतरितांची मुलं होती. मंदीचे दिवस होते. सुपरमॅनचे सगळे हक्क त्यांनी १३० डॉलरला विकले, आणि कंपनीने त्यावर पुढे किती कमावलं ते आपण पाहतोच. सुरुवातीचा सुपरमॅन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला, लाचखाऊ सिनेटरला, कामगारांच्या जिवाशी खेळणाऱ्या खाणमालकाला धडा शिकवतो. १९४६ मध्ये रेडिओवरच्या मालिकेत तो क्लॅनसारख्याच एका टोळीशी लढला. हे त्याच्या खात्यावर जमा केलंच पाहिजे.

तरीही १९३९ ची एक गोष्ट पाहा. गुन्हेगारीचं मूळ गरिबी आणि वाईट घरं आहेत हे सुपरमॅनला कळतं. सरकारने नवी घरं बांधावीत म्हणून तो आख्खी झोपडपट्टी पाडून टाकतो, आणि सरकार खरोखरच चांगली घरं बांधतं. हेतू चांगला. पण वस्तीने सभा घेतली, मागणी केली, नकाशा मागितला असं या गोष्टीत घडत नाही. घर पडतं तेव्हा काय होतं हे आपल्या वस्त्यांना कुणी सांगायला नको. तारणहार कितीही भला असला तरी त्याच्या गोष्टीत लोकांचं काम दोनच: संकटात सापडणं आणि शेवटी टाळ्या वाजवणं.

पुढे तो भलेपणाही गेला. १९५४ मध्ये कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःसाठी आचारसंहिता केली. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं चित्रण नको, हा त्यातला एक नियम. सिनेटरशी भिडणारा सुपरमॅन मग परग्रहावरच्या राक्षसांशी लढू लागला. आजच्या सिनेमांचा कंटाळाही आम्हाला इथेच सापडतो. नायक दर वेळी विश्व वाचवतो, पण भाडं, पगार, पोलीस चौकी, शाळा यांतलं काही बदलत नाही. जग जसं होतं तसं परत मिळवून देणं एवढंच त्याचं काम. ज्यांना ते जग आधीच परवडत होतं त्यांचं समाधान होतं, बाकीच्यांना जांभई येते.

हक्क आले की ‘डर्टी हॅरी’ येतो

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या काळ्यांनी लढून पुन्हा कायदा आपल्याकडे वळवला. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चा मताधिकार कायदा. १९६६ मध्ये मिरांडा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेतल्या माणसाला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क आहे हे पोलिसांनी चौकशीआधीच सांगायला हवं. आणि लगेच पडद्यावर कोण आलं? १९७१ मध्ये ‘डर्टी हॅरी’. यात आरोपीच्या हक्कांमुळे खुनी सुटतो आणि संतापलेला पोलीस त्याला गोळी घालतो. १९७४ मध्ये ‘डेथ विश’, ज्यात एक सुशिक्षित गोरा माणूस रात्री पिस्तूल घेऊन गुंड टिपत फिरतो. त्याच वर्षी मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये ‘पनिशर’ आला, छातीवर कवटी असलेला.

दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गोट्झ या गोऱ्या माणसाने पैसे मागणाऱ्या चार काळ्या पोरांवर गोळ्या झाडल्या. एक पोरगा कायमचा अपंग झाला. शहरातल्या पुष्कळांनी गोट्झला हिरो केलं. ज्यूरीने खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून त्याला सोडलं, शिक्षा झाली ती विनापरवाना पिस्तूल बाळगल्याची. आणि पनिशरची कवटी? ती अमेरिकी पोलिसांच्या गाड्यांवर दिसू लागली. जानेवारी २०२१ मध्ये संसदेवर चालून गेलेल्या जमावातही ती होती. पनिशरच्या निर्मात्यांपैकी एक असलेले जेरी कॉनवे यांनी त्याआधीच या वापराचा जाहीर निषेध केला होता.

महाडचा क्रम

हा क्रम अमेरिकेपुरता नाही. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कायदा आपल्या बाजूने आला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य घुसणार अशी अफवा उठली आणि काठ्या घेतलेल्या जमावाने परतणाऱ्या, जेवणाऱ्या माणसांवर हल्ला केला. ‘धर्मरक्षण’ करणारे हे आपल्याकडचे मुखवटेवाले होते. फरक एवढाच की त्यांना मुखवट्याचीही गरज वाटली नाही.

आपली माणसं संख्येने कमी नव्हती आणि महायुद्धात लढून आलेले माजी सैनिक त्यांच्यात होते. उलटा हल्ला करता आला असता. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि हल्लेखोरांवर खटले झाले. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा कोर्टाचा मनाई हुकूम आला. जमलेले हजारो लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी त्यांना समजावून सत्याग्रह तहकूब केला आणि दावा लढवला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण तळ्याचा हक्क कोर्टातूनच आणायचा हे ठरलं. तो हक्क उच्च न्यायालयातून मिळाला १७ मार्च १९३७ रोजी. दहा वर्षं. दोन तासांच्या सिनेमात ही दहा वर्षं बसत नाहीत, म्हणून सिनेमा ती दाखवत नाही.

दोन पँथर

२०१८ चा ‘ब्लॅक पँथर’ पाहून आपले कितीतरी तरुण हरखले. काळा नायक, काळं राज्य, कुणापुढे न झुकलेलं. तो आनंद खोटा नव्हता. पण पँथर या नावाशी आपलं जे नातं आहे ते मार्व्हलमार्फत आलेलं नाही.

कॉमिक्समधला ब्लॅक पँथर १९६६ च्या उन्हाळ्यात आला. त्याच्या आसपास अलाबामाच्या लाउंड्स परगण्यात काळ्या शेतमजुरांनी स्वतःचा पक्ष काढला होता. लिहिता-वाचता न येणाऱ्या मतदारांसाठी मतपत्रिकेवर चित्र लागायचं, त्यांनी काळा बिबळ्या निवडला. म्हणजे हा पँथर आधी निवडणूक चिन्ह होता. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. त्यांचे लोक बंदुका आणि कायद्याची पुस्तकं घेऊन पोलिसांच्या गस्तीवर पाळत ठेवत, अटक होणाऱ्याला त्याचे हक्क सांगत. १९६९ पासून ते मुलांना मोफत न्याहारी देऊ लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शिकागोत त्यांचा २१ वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन पोलिसांच्या छाप्यात झोपेत मारला गेला.

सिनेमात ओकलंडचा तरुण किलमाँगर हा खलनायक आहे. त्याचा राग रास्त आहे, पण तो मरतो. जिंकतो राजा, आणि त्याच्या मदतीला सीआयएचा भला अधिकारी असतो. अन्यायग्रस्तांच्या वाट्याला शेवटी राजाने उघडलेलं एक मदत केंद्र येतं.

१९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी दलित पँथर उभी केली, ती ओकलंडच्या पँथरपासून प्रेरणा घेऊन. एलयापेरुमल समितीचा अहवाल अत्याचारांची यादी देत होता, बावड्याचा बहिष्कार आणि ब्राह्मणगावची विटंबना ताजी होती. पँथरची भाषा जहाल होती आणि कधी हातही चालले असतील. पण ती मुखवट्याआड लपली नाही. अत्याचार झाला त्या गावात पँथर नावानिशी जात, मोर्चे काढत, छापत, अटक होत. आणि तिचं दुखणंही आपण विसरू नये. दोन वर्षांत ती फुटली. जाहीरनाम्यावरून मतभेद होतेच, पण नेता कोण हाही प्रश्न होता.

आपल्या टाळ्या कुणाला?

२०११ च्या ‘सिंघम’मध्ये शेवटी पोलीस दल मिळून खलनायकाला संपवतं आणि थिएटर शिट्ट्यांनी भरतं. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादच्या बलात्कार-खून प्रकरणातले चार आरोपी पोलिसांनी गोळ्या घालून मारले, तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली गेली, पेढे वाटले गेले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की पोलिसांनी मारण्याच्या इराद्यानेच गोळीबार केला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ‘सिंघम’सारख्या सिनेमांतून जाणारा संदेश घातक असल्याचं जाहीरपणे म्हटलं.

त्या टाळ्यांत आपल्याही टाळ्या असतील तर थांबून विचार करू या. न्यायालय वगळून न्याय करण्याचा परवाना एकदा दिला, की तो वापरला कुणावर जातो? २०१६ मध्ये उन्यात मेलेल्या गाईचं कातडं सोडवणाऱ्या आपल्या भावांना ‘गोरक्षकां’नी गाडीला बांधून मारलं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. मारणाऱ्यांना आपण गाव वाचवतोय असंच वाटत होतं. प्रत्येक झुंड स्वतःच्या सिनेमात नायक असते.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळणं प्रामाणिकपणाचं नाही. ऑगस्ट २००४ मध्ये नागपूरच्या कस्तुरबानगरातल्या, बहुसंख्य दलित अशा वस्तीतल्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला कोर्टाच्या आवारातच मारलं. वर्षानुवर्षं त्याने वस्तीत बलात्कार आणि खंडणीचा धुमाकूळ घातला होता आणि पोलीस तक्रार घेत नव्हते. या बायकांना आम्ही क्लॅनच्या पंगतीत बसवणार नाही. क्लॅनपाशी सत्ता होती, यांच्यापाशी जायला दार उरलं नव्हतं. त्यांनी तोंडही लपवलं नाही, अटक करायची तर आम्हा सगळ्यांना करा म्हणाल्या. पण या घटनेचा आदर्श करायलाही आम्ही तयार नाही. ती व्यवस्थेच्या पराभवाची नोंद आहे. वस्तीला आरोपींचे खटले पुढे दहा वर्षं, २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटका होईपर्यंत, ओढावे लागले. पोलीस ठाण्यात पहिल्या बाईची तक्रार घेतली गेली असती तर यातलं काहीच घडलं नसतं. आपलं काम त्या पहिल्या तक्रारीपाशी आहे.

बाबासाहेब सुपरहिरो नव्हते

आता आपल्याच घरात पाहू. डीजेवरची गाणी, बॅनर, एआयने बनवलेले व्हिडिओ यांत बाबासाहेब आभाळातून उतरतात, एका बोटाने शत्रूला भस्म करतात. ‘पुन्हा एक बाबासाहेब जन्माला यावा’ हे वाक्य तर प्रत्येक जयंतीला ऐकू येतं. प्रेम आम्हाला समजतं. पण हे अवताराचंच रूप आहे. अवतार येईल म्हणून वाट पाहायला शिकवणाऱ्या धर्मातून ज्यांनी आपल्याला बाहेर काढलं, त्यांनाच आपण अवतार करतोय.

बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्यात रानडे यांच्यावरच्या व्याख्यानात विभूतिपूजेचे दोन प्रकार सांगितले. थोर माणसाबद्दल कौतुक वाटणं वेगळं आणि त्याच्यामागे डोळे मिटून जाणं वेगळं. पहिल्यात गैर नाही, दुसरा घातक. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी इशारा दिला की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात ते म्हणाले की संविधानाचे मार्ग खुले असताना इतर मार्ग ही अराजकाची सुरुवात आहे. आणि त्यांनी आपल्याला दिलेला बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. सुपरहिरो आणि बुद्ध यांत हाच फरक आहे. एक म्हणतो तू थांब, मी करतो. दुसरा म्हणतो, वाट ही आहे, चालायचं तुला आहे.

चालणारी माणसं आपल्याकडे आहेत. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अ‍ॅट्रॉसिटी कायदा पातळ झाला, तेव्हा कुठला तारणहार आला नाही. २ एप्रिलला देशभर लाखो माणसं रस्त्यावर उतरली, काहींचे प्राण गेले, आणि ऑगस्टमध्ये संसदेला कलम १८-अ घालून कायदा पूर्ववत करावा लागला. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या धरपकडीत अटक झालेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत गेला. त्याच्या आईने पदर खोचून कोर्टाची पायरी चढली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. ही लढाई संपलेली नाही.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींना आमची विनंती आहे. सिनेमे जरूर पाहा. पण वस्तीत पाच जणांना अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ४ आणि १५-अ तोंडपाठ करायला लावा. पहिलं कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला जबाबदार धरतं, दुसरं पीडित आणि साक्षीदाराला हक्क देतं. फिर्याद द्यायला जाणाऱ्या बाईसोबत ठाण्यात जा, प्रत मिळेपर्यंत उठू नका. प्रत्येक घटनेची तारीख, ठिकाण, नाव लिहून ठेवा, आयडा वेल्स यांनी ठेवलं तसं. साक्षीदार फुटू नये म्हणून निकाल लागेपर्यंत त्याच्या घरी जात राहा. या कामाला मुखवटा लागत नाही, झगाही लागत नाही. फिर्यादीच्या खाली स्वतःचं नाव लिहून सही करावी लागते.

जय भीम.